बोअरच्या पाण्याने फिश टँकची काच पांढरी पडली आहे, मासे न हलवता कशी साफ करू?

तळ्यात_मळ्यात (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी आम्ही सदाशिव पेठेतून वाघोलीला राहायला आलो. टँक तोच, २ × १ × १ फुटांचा. मासेही तेच, गप्पी आणि मॉली. पेठेत असताना काच स्पंजने पुसली की लख्ख व्हायची. इथे सोसायटीत बोअर आणि टँकर मिळून पाणी येतं, आणि पाण्याच्या रेघेच्या वर बोटभर रुंद पांढरा पट्टा बसलाय. नखाने खरवडला तर खडूसारखी भुकटी निघते. फिल्टरची धार पडते त्या कोपऱ्यात तुषार उडून थेंब थेंब वाळलेत. झाकणाची काच तर पार दुधी झाली आहे.

नेटवर बघावं तर सगळे व्हिनेगर सांगतात. पण मासे आत असताना ते चालतं का? ज्या दुकानातून खाद्य आणते, तिथल्या माणसाने "बाथरूमचं ॲसिड थोडं पातळ करून लावा, पाच मिनिटांत साफ" असं सांगितलं. माझी हिंमत झाली नाही. शिवाय मागच्या काचेवर तळहाताएवढा एक भाग धुरकट दिसतो, तो घासून अजिबात जात नाही. हा टँक मी कुणाकडून तरी जुना घेतला होता, तेव्हापासूनच तो भाग तसा आहे की इथे आल्यावर झाला, ते आठवत नाही.

टँक पूर्ण रिकामा करायचा नाहीये. कुणी केलं असेल तर नीट सांगा प्लीज.

गप्पीदास

बाथरूमचं ॲसिड नको. नको म्हणजे नकोच. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, वर रंग, वास आणि साबणासारखी द्रव्यं. दोन थेंब आत गेले तरी माशांच्या कल्ल्यांची वाट लागते. आणि ज्या घरात तो डबा असतो त्याच घरात ब्लीचचाही डबा असतो. दोन्ही एकाच फडक्यावर आले तर क्लोरीन वायू सुटतो, मग माशांचं सोडा, तुम्हीच खोकत बाल्कनीत.

खाद्य त्या दुकानातूनच आणा, सल्ला इथे मागा. :)

होम_हॅक_पुणे

सोपं आहे ताई. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर मिक्स करायचं, मस्त फेस येतो, तो लावून घासायचं. आमच्या बेसिनचे नळ असेच चकचकीत होतात.

काचमासा

ताई, सवडीने लिहितो, कारण या प्रश्नात घाईघाईत दिलेल्या सल्ल्यांनीच जास्त नुकसान होतं.

आधी डाग कसला आहे ते बघा, औषध नंतर. पट्टा कोरडा असताना कापसाच्या काडीने व्हिनेगरचा एक थेंब त्यावर टेकवा आणि डोळा काचेजवळ नेऊन बघा. बारीक बुडबुडे सुटले तर तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुन्याचा क्षार. तो ॲसिडने विरघळणारच, तुम्हाला जोर लावायची गरजच नाही. बुडबुडे आलेच नाहीत तर तिथे घासत बसू नका, त्याचं पुढे बघू. हीच परीक्षा मागच्या धुरकट भागावर करा, पण पाणी खाली आणून काच कोरडी झाल्यावर.

मासे आत ठेवून काम होतं. पाणी बदलायच्या दिवशीच काढा, म्हणजे वेगळी धावपळ नाही. हीटर असेल तर आधी बंद करून अर्धा तास थांबा, गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की तडकतो. मग फिल्टर आणि एअर पंप बंद. सायफनने पाणी चार इंच खाली आणा. तुमच्या टँकला हे साधारण एक तृतीयांश होतं, तेवढं बदलायला हरकत नाही.

आता टिश्यू पेपरच्या लांब पट्ट्या करा, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा आणि पिळा. पट्टी ओली हवी, टपकणारी नको. ती डागावर आतून चिकटवा. खालचा काठ पाण्यापासून निदान दोन बोटं वर राहू द्या. १५-२० मिनिटं सोडून द्या, मधे वाळायला लागली तर कुंचल्याने पुन्हा ओली करा. नंतर पट्टी खालून वर सोलत काढा. वरून खाली ओढली की सुटलेला सगळा चुना आणि व्हिनेगर थेट माशांच्या डोक्यावर. मग साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, फडकं धुऊन परत, आणि परत. बोट फिरवून बघा: काच गुळगुळीत लागली तर झालं, खरखरीत लागली तर तिथे अजून एक पट्टी. जाड थर एका फेरीत जात नाही, आणि तो एका फेरीत घालवायच्या नादातच लोक तारेची घासणी हातात घेतात.

फडकं नवं किंवा फक्त टँकसाठी ठेवलेलं. कपडे धुवायच्या मशीनमधून आलेलं नको, त्यात डिटर्जंट राहतो.

झाकणाची काच सरळ काढून न्या. मोरीत आडवी ठेवा, वर टिश्यू, टिश्यूवर व्हिनेगर, त्यावर प्लास्टिकची पिशवी पसरा म्हणजे वाळणार नाही. तासाभराने भरपूर पाण्याने धुवा.

पेठकर

अरे वा, काचमासा जागे झाले म्हणजे धाग्याचं सोनं झालं.

बाकी "पेठेत काच लख्ख असायची" हे वाक्य मी फ्रेम करून दारावर लावतोय.

रसायनी

@होम_हॅक_पुणे, सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारून टाकतात. तो फेस म्हणजे तुमच्या ॲसिडची अंत्ययात्रा. उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, त्याने चुना विरघळत नाही. नळ चकचकीत झाले ते तुमच्या घासण्याने. सोडा हवाच असेल तर वेगळा, किंचित ओला करून सौम्य घासणी म्हणून बाहेरच्या काचेला लावा. आत नको, सोड्याने पाण्याचा पीएच वर सरकतो.

आता ताईंची खरी भीती: व्हिनेगर आत पडलं तर? किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर ४-५ टक्के ॲसेटिक ॲसिडचं असतं. पाणी खाली आणल्यावर तुमच्या टँकमध्ये तीसेक लिटर उरलं असं धरू. त्यात चमचाभर, म्हणजे ५ मिली व्हिनेगर पडलं. तुमचं पाणी जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त; केएच (पाण्याच्या ॲसिड पचवायच्या ताकदीचं माप) ८ च्या आसपास असेल तर त्या ताकदीचा साधारण विसावा भाग खर्च होईल. माशांना पत्ताही लागणार नाही. पण तोच चमचा धरणाच्या मऊ पाण्यात, केएच २ असताना पडला तर जवळपास पाचवा भाग जातो. म्हणजे ज्याच्या काचेवर डाग पडतात त्याचंच पाणी व्हिनेगर जास्त झेलतं. मऊ पाणीवाल्यांनी जास्त जपायचं.

म्हणून कपभर ओतायचं असा अर्थ काढू नका. पीएच टिकला तरी व्हिनेगरमधून आलेलं ॲसिटेट हे जिवाणूंचं आवडतं खाद्य आहे. ते भराभर वाढतात, पाणी धुरकट होतं आणि ऑक्सिजन संपतो. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर बहुधा हेच.

गोगलगाई पाळणाऱ्यांनी विशेष काळजी घ्या. काचेवरचा डाग ज्याचा, तिचं कवचही त्याचंच. डाग भिजवण्याआधी पट्ट्यावर चढलेली गोगलगाय खाली सोडा.

आळशी_अँजल

व्हिनेगरचा वास घरात दोन दिवस राहतो, बायको ओरडते. लिंबू चालेल का? आणि सिलिकॉनच्या जोडांना व्हिनेगरने काही होत नाही ना? माझा टँक एकदा गळलाय, तेव्हापासून जोड म्हटलं की धसका आहे.

रसायनी

टँकला लावतात ते सिलिकॉन वाळताना जो आंबट वास येतो तो ॲसेटिक ॲसिडचाच असतो. पूर्ण वाळलेल्या जोडाला पाव तास पातळ व्हिनेगर लागल्याने काही होत नाही. जोडाचा खरा शत्रू ब्लेड.

वासाचा त्रास असेल तर लिंबूसत्व घ्या, म्हणजे सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात पुडी मिळते, जास्त हवं असेल तर रविवार पेठेत बोहरी आळीत चौकशी करा. लिटरभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा. वास शून्य. एकच पथ्य: काचेवर वाळू द्यायचं नाही. कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फारसं विरघळत नाही, वाळलं की नवीनच पांढरी साय दिसते आणि माणूस म्हणतो डाग वाढला.

ताजं लिंबू बाहेरच्या काचेला आणि झाकणाला झकास. आत नको, गर आणि बिया पाण्यात पडतात.

काचमासा

बाहेरच्या काचेचा विषय निघालाच आहे तर. काच पुसायचा स्प्रे टँकवर मारू नका, फडक्यावर मारा, तोही दुसऱ्या खोलीत. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. तुम्ही हवेत जे उडवाल ते पाच मिनिटांत माशांपर्यंत पोचतं. डासांच्या आणि झुरळांच्या स्प्रेची तर गोष्टच सोडा, त्यातली पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं माशांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक असतात. सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाला येणार असेल त्या दिवशी पंप बंद, टँकवर ओली चादर, आणि खिडक्या उघडल्यावरच पंप चालू.

निवृत्त_मास्तर

भूगर्भशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे राहवत नाही.

वाघोलीत राहता आणि कॅल्शियमची तक्रार करता? वाघोलीच्या दगडखाणींत निळंशार कॅव्हनसाइट सापडतं, जगभरच्या संग्रहालयांत त्याचे नमुने आहेत. ते कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचं सिलिकेट. सोबत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि भरपूर कॅल्साइट. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, याच्या भेगांतून पावसाचं पाणी सावकाश झिरपतं, जमिनीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका बरोबर घेऊन तुमच्या बोअरमध्ये येतं. पेठेत येणारं खडकवासला-पानशेत धरणांचं पाणी मात्र पावसाचं, जमिनीवरून वाहून आलेलं. खडकाशी त्याची ओळख वरवरची. पेठेत डाग पडत नव्हते याचं कारण एवढंच, त्यात पेठेचं कर्तृत्व काही नाही. (पेठकरांनी फ्रेम काढावी.)

आता कामाचं. खनिजांच्या कठीणपणाच्या मोस मापावर कॅल्साइट ३, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास, आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७. म्हणजे चुन्याच्या डागाने काचेवर चरा पडूच शकत नाही. चरे पडतात ते वाळूने. मॅग्नेट क्लीनर (बाहेरच्या चुंबकाने आतून काच पुसणारी घासणी) तळापर्यंत नेला, वाळूचा एक कण त्याच्या फडक्यात अडकला, आणि तुम्ही तो घेऊन वरपर्यंत गेलात की काचेवर कायमची रेघ. तळाशी दोन इंच सोडून थांबावं, आणि प्रत्येक वेळी फडक्यावरून बोट फिरवून बघावं.

पोलादी ब्लेड काचेच्याच आसपासच्या कठीणपणाचं असतं. ब्लेड वापराच, पण नवं, काच ओली, कोन अगदी आडवा, आणि ढकलायचं एकाच दिशेने. मागे-पुढे करवतीसारखं नाही. गंजलेलं किंवा टोक तुटलेलं ब्लेड काचेला लावू नये. सिलिकॉनच्या जोडापासून बोटभर लांब राहावं.

गप्पीदास

मास्तर, एक राहिलं: टँक ॲक्रिलिकचा असेल तर ब्लेड, मॅजिक स्पंज, सोडा सगळं बाद. ॲक्रिलिक इतकं मऊ की साध्या घासणीनेही चरे पडतात. मऊ फडकं आणि भिजवणं, बस. फार तर जुन्या एटीएम कार्डाची कड. आपल्याकडे एलईडी लाइटची पारदर्शक पट्टी बऱ्याचदा प्लास्टिकची असते, काचेच्या टँकवाल्यांनीही तिथे ब्लेड नेऊ नका.

काचमासा

मास्तरांच्या सिलिकाचा धागा पकडतो, कारण ताईंचा तिसरा प्रश्न तिथेच आहे.

मागच्या धुरकट भागावर व्हिनेगरला बुडबुडे आले नाहीत तर दोन शक्यता. एक, तो सिलिकायुक्त थर आहे. त्याला व्हिनेगर हात लावत नाही. ओल्या काचेवर नवं ब्लेड आडवं फिरवलं तर कधी कधी पापुद्रा उचलला जातो. दोन, काचच खराब झाली आहे. अर्धवट भरलेला किंवा ओला टँक गॅलरीत महिनोन् महिने पडून राहिला की काचेवरच्या पाण्याचा तो पातळ थर अल्कलीयुक्त होत जातो आणि काचेचा पृष्ठभाग खातो. जुन्या टँकमध्ये हे सर्रास दिसतं. ओळखायची खूण: तो भाग पाण्याने ओला केला की धुरकटपणा जवळपास नाहीसा होतो आणि वाळला की परत येतो, पण बोटाला कुठेच खरखर लागत नाही. तिथे काढण्यासारखं काही नसतंच, मग काढणार काय?

सेरियम ऑक्साइडने पॉलिश करता येतं, गाडीच्या काचांसाठी वापरतात ते. पण त्याला रिकामा टँक, नमद्याची चकती, सतत ओलावा आणि भरपूर सबुरी लागते. काच तापली की तडकते. दोन फुटी टँकच्या मागच्या काचेसाठी मी सांगणार नाही. पाणी भरलं की तो भाग दिसतही नाही फारसा.

आणि गंज काढायची काही द्रावणं फ्लोराइडवाली असतात. ती काच खातात आणि कातडीला फार वाईट. "डाग हट्टी आहे" म्हणून ती आणू नका.

मुठाकाठ

सगळे साफ करण्याबद्दल बोलताहेत, डाग परत पडू नयेत याबद्दल कुणीच नाही. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, क्षार टँकमध्येच राहतात. पाणी कमी झालं म्हणून वरून पुन्हा बोअरचं पाणी ओतलं की क्षारांची भर. परत उडालं, परत ओतलं. उन्हाळ्यात मार्च ते मे टँकचं पाणी आधीच भरभर उतरतं, तेव्हा हे फार वेगाने वाढतं. म्हणून उडालेलं पाणी आरओच्या पाण्याने भरून काढा आणि बदलायचं पाणी नेहमीचं घाला. पूर्ण टँक आरओने भरू नका. त्यात क्षार जवळपास नसतातच, मॉलींना ते मानवत नाही.

फिल्टरच्या तोटीचं तोंड पाण्याच्या पातळीला किंवा थोडं खाली घ्या, तुषार बंद म्हणजे कोपऱ्यातले थेंब बंद. आणि पाण्याची रेघ दर दोन-तीन दिवसांनी ओल्या बोटाने जरी पुसली तरी थर धरत नाही. ताजा क्षार नुसत्या फडक्याने जातो, वाळून पिकला की व्हिनेगर लागतं.

आळशी_अँजल

म्हणजे आरओमधून वाया जाणारं पाणी टँकमध्ये घालायची माझी पाणी वाचवा मोहीम...

मुठाकाठ

त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. कुंड्यांना नाही तर फरशी पुसायला वापरा.

तळ्यात_मळ्यात

केवढं लिहिलंय सगळ्यांनी, धन्यवाद! रविवारी करते. एक शंका: आमच्या सोसायटीत सॉफ्टनर प्लँट आहे, दर काही दिवसांनी मिठाच्या गोण्या येतात. सेक्रेटरी म्हणतात पाणी सॉफ्ट आहे. पण माझ्या टीडीएस मीटरवर ९०० च्या घरात आकडा येतो. मग खरं काय?

रसायनी

दोन्ही खरं असू शकतं. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. जडपणा उतरतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. टीडीएस मीटर सगळे क्षार एकत्र मोजतो, कॅल्शियम किती ते त्याला कळत नाही. जडपणासाठी जीएच (एकूण जडपणा) आणि केएच मोजायचं थेंबांचं किट घ्या. त्यातला १ अंश म्हणजे १७.८ मिग्रॅ प्रति लिटर. तुलनेसाठी, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा २०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिग्रॅ प्रति लिटर आहे.

तुमच्या पट्ट्याची भुकटी निघते म्हणजे त्यात बहुधा चुना आहे. एकतर प्लँटला मीठ वेळेवर पडत नाही, किंवा तुमच्या नळाला मधूनच बिनसॉफ्टनरचं पाणी येतं. सकाळचं आणि रात्रीचं पाणी वेगवेगळं तपासा, सेक्रेटरींशी बोलायला मुद्दा मिळेल.

आणि घाबरू नका. गप्पी-मॉलींना जड पाणी आवडतंच. हाच प्रश्न मऊ पाण्यात रमणाऱ्या निऑन टेट्रा किंवा डिस्कसवाल्याने विचारला असता तर वेगळं बोललो असतो.

तळ्यात_मळ्यात

काल केलं! पुढच्या काचेला टिश्यू लावल्यावर कान जवळ नेला तर चक्क बारीक चर्रचर्र ऐकू येत होतं. बराचसा पट्टा पहिल्या फेरीत गेला, फिल्टरच्या कोपऱ्याला आणखी दोनदा लावावं लागलं. तिथे कडेला हिरवट शेवाळ आणि चुना एकात एक बसले होते. झाकण लख्ख. मासे खाली कोपऱ्यात जमून बघत होते, पाणी भरल्यावर लगेच खाद्य मागायला वर आले.

मागच्या धुरकट भागावर एकही बुडबुडा नाही. ओला केला की गायब, वाळला की हजर, काचमासांनी सांगितलं तसंच. ब्लेड लावलं नाही. बाहेरून काळा बॅकग्राउंड पेपर चिकटवायचा विचार आहे. किट मागवलंय, नळाचे आकडे आले की टाकते.

काचमासा

उत्तम. पेपर लावण्याआधी मागची काच बाहेरून लिंबूसत्वाने पुसून पूर्ण कोरडी करा. बाहेरचे क्षारांचे ओघळ मागे काळा कागद आला की जास्तच उठून दिसतात आणि मग कागद काढल्याशिवाय पुसता येत नाहीत. वरच्या कडेला सलग टेप मारा, नाहीतर झाकणावरून ओघळलेलं पाणी कागद आणि काचेच्या मधे शिरेल.

पेठकर

नळाचे आकडे टाकाच. आमच्याकडचे मी टाकतो, तुलना होऊन जाऊ दे.